रक्ताची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राज्यारोहणे आणि राज्यक्रांत्या उभ्या राहतात. परंतु माणसाच्या सुखदुःखाचा फार मोठा भाग या बखरींच्या बाहेर, घराच्या आतल्या खोलीत घडत असतो. आणि त्याची नोंद झालीच, तर ती जन्ममृत्यूच्या रजिस्टरातील एखाद्या अरुंद रकान्यात होते. आज ज्या विषयाचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे, तो असाच आतल्या खोलीतला आहे. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत काही स्त्रियांना इतकी तीव्र मळमळ आणि वांती होते की पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. या विकाराला वैद्यकात गर्भिणीचा अतिवमनविकार म्हणतात. त्याचे कारण शोधण्यासाठी वैद्यांनी शंभराहून अधिक वर्षे गर्भिणीचे मूत्र आणि रक्त तपासले, अनेकदा भलतीकडे बोट दाखविले, आणि मधल्या काळात पुष्कळदा त्या स्त्रीलाच दोषी ठरविले. तो शोध आता कोठे काहीसा मार्गाला लागला आहे.

प्रारंभ एका प्रसिद्ध मृत्यूपासून करतो. ‘जेन एअर’ या कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटी हिचा विवाह १८५४ च्या जून महिन्यात झाला. पुढच्या जानेवारीत तिला सतत मळमळ सुरू झाली, अन्नाचा तिटकारा आला, अशक्तपणा वाढत गेला, आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी तिचा अंत झाला. तिच्या एमिली आणि अ‍ॅन या दोन्ही बहिणी १८४८ व १८४९ या लागोपाठच्या वर्षांत क्षयाने गेल्या होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर शार्लटच्या नावापुढेही क्षय हेच कारण पडले. परंतु तिची मैत्रीण एलिझाबेथ गॅस्केल हिने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्या अखेरच्या महिन्यांचे जे वर्णन आले आहे, ते वाचून १९७२ साली फिलिप ऱ्होड्स या प्रसूतितज्ज्ञाने निराळा निष्कर्ष काढला. शार्लट गरोदर होती, आणि तिच्या मरणाचे मुख्य कारण अनावर वांतीने आलेली उपासमार हेच असावे, असे त्याचे म्हणणे. इतक्या वर्षांनंतर शंभर टक्के निर्णय कोण देणार? तथापि बहुतेक चरित्रकारांना हे मत आज पटण्यासारखे वाटते. सरकारी दप्तरात आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला नोंदीचे मोल ठाऊक असते, तशी तिची मर्यादाही ठाऊक असते. रकान्यात तेच उतरते, ज्याला त्या काळच्या ज्ञानाने नाव दिलेले असते. ज्याला नाव नाही, ते दुसऱ्याच्या नावावर चढते.

मग या व्याधीला प्राचीनांनी नाव दिलेच नव्हते काय? गर्भिणीच्या वांतीची ओळख फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत पाळी चुकणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नाची इच्छा नसणे, वांती, अरुची आणि आंबटाची ओढ ही सारी आहेत. गर्भिणीच्या ठायी एक तिचे आणि एक गर्भाचे अशी दोन हृदये नांदतात, म्हणून ती ‘दौहृदिनी’, आणि तिच्या इच्छा या गर्भाच्याच इच्छा, अशी कल्पना आपल्या पूर्वजांनी केली. त्याच परंपरेतील ‘दोहद’ या शब्दापासून आपल्या मराठीत ‘डोहाळा’ आला. तिकडे रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास एफेससच्या सोरेनस या ग्रीक वैद्याने स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, हा त्रास चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो आणि बहुधा चार महिन्यांपर्यंत टिकतो. हे निरीक्षण आजच्या डॉक्टरांच्या अनुभवाशी बरेचसे जुळते. म्हणजे साधा त्रास सर्वांना ठाऊक होता. शंभरांतल्या सत्तर-ऐंशी गर्भवतींना तो कमीअधिक प्रमाणात होतोच. पण या सर्वपरिचिततेमुळेच घोटाळा झाला. जे सर्वांना होते ते आजारात कोण मोजणार? शंभरांत एकीला, फार तर दोघी-तिघींना होणारी जी जीवघेणी अवस्था, ती या सर्वसामान्य डोहाळ्यांच्या गर्दीत हरवून गेली.

ती गर्दीतून वेगळी काढून दाखविण्याचे श्रेय पॅरिसच्या पॉल द्यूब्वा या प्रसूतिवैद्याकडे जाते. १८५२ साली तेथील वैद्यक अकादमीपुढे त्याने अशा वांतीने दगावलेल्या वीस स्त्रियांची हकीकत मांडली. गर्भारपणातली वांती म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, तिने माणूस मरते, हे त्याने विद्वानांच्या सभेत उघडपणे सांगितले. त्या वेळी वैद्यांच्या हाती उपाय होते ते बर्फाचे खडे, अफू, जळवा, आणि सर्वांत शेवटी गर्भपात. गर्भ काढला की वांती बहुधा थांबे. परंतु तो केव्हा काढावा? लवकर काढला तर कदाचित आपोआप बरी होणारी माता आपले मूल गमावते; उशीर केला तर दोघेही जातात. हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावयाचा, तर नाडीचा वेग, ज्वर, जिभेचा कोरडेपणा आणि भ्रम एवढ्यांवरून. शरीराच्या आत चाललेल्या घडामोडींची विश्वासार्ह खूण हवी, ही निकड अशी मृत्यूच्या उंबरठ्यावर निर्माण झाली.

खूण सापडत नव्हती, तोवर एक सोपे उत्तर पुढे आले. १८९१ च्या सुमारास जर्मनीतील काल्टेनबाख या प्रसूतितज्ज्ञाने असा सिद्धांत मांडला की, ही वांती मूलतः उन्मादाचे, म्हणजे ज्याला त्या काळी हिस्टेरिया म्हणत, त्याचे रूप आहे. त्याला तसे वाटण्यास एक कारण होते. घरातून हलवून इस्पितळात ठेवले की काही रुग्णांना बरे वाटे. या निरीक्षणाचा अर्थ अनेक प्रकारे लावता आला असता. स्वयंपाकाचा वास नाही, कामाची दगदग नाही, म्हणून बरे वाटले असेल, किंवा आजाराचा जोर त्याच सुमारास आपोआप ओसरला असेल. परंतु त्या काळाने अर्थ लावला तो एकच: रोग मनात आहे. पुढे मनोविश्लेषणाची लाट आली तेव्हा या विचाराला अधिकच विद्वत्तेचे वस्त्र मिळाले. स्त्रीला हे मूल नकोसे आहे आणि ती ते तोंडावाटे बाहेर टाकू पाहते, असे स्पष्टीकरण गंभीरपणे दिले जाऊ लागले. त्यातून जे उपचार निघाले ते ऐकून आज अंगावर काटा येतो. रुग्णाला एकांतात ठेवावयाचे, नातेवाइकांना भेटू द्यावयाचे नाही, आणि १९३० नंतरच्या दशकातदेखील काही ठिकाणी तिच्याजवळ ओकण्याचे भांडे ठेवावयाचे नाही, म्हणजे ती ओकण्याचा हट्ट सोडील! ओकली तर तिने त्या घाणीतच पडून राहावे.

श्रोतेहो, हे करणारे वैद्य दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक आपल्या काळचे नामवंत आणि कष्टाळू शिक्षक होते. परंतु ज्याचे कारण आपल्याला सापडत नाही ते रुग्णाच्या मनाच्या पदरात टाकावे, हा मोह फार जुना आहे. आणि रुग्ण स्त्री असली की तो अधिक सहज होतो.

याच काळात दुसरीकडे प्रयोगशाळेतून खूण शोधण्याची खटपटही चालू होती. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील व्हिट्रिज विल्यम्स या ख्यातनाम प्राध्यापकाने १९०६ साली या विकाराचे तीन वर्ग पाडले: एक प्रतिक्षिप्त क्रियेने होणारा, दुसरा मानसिक, आणि तिसरा विषजन्य. गर्भारपणात शरीरात एखादे विष साचते आणि ते रक्तावाटे यकृतावर व मेंदूवर घाला घालते, ही कल्पना त्या वेळी प्रबळ होती. हा तिसरा वर्ग ओळखण्यासाठी मूत्रातील एकूण नत्रापैकी अमोनियाच्या रूपात किती बाहेर पडतो, ते प्रमाण मोजावे, असे त्याने सुचविले. प्रमाण वाढलेले आढळले तर विष भिनले आहे असे समजावे आणि गर्भ काढून टाकावा. आता प्रथमच एक आकडा हाती आला, आणि आकडा हाती आला की निर्णयाचे ओझे हलके होते.

परंतु पुढे लक्षात आले की, हे प्रमाण केवळ उपासमारीनेही वाढते. ज्या बाईने आठ दिवस अन्न पाहिलेले नाही, तिचे शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, त्या ज्वलनातून आम्लद्रव्ये निर्माण होतात, आणि त्यांना शमविण्यासाठी मूत्रपिंडे अमोनिया वाढवितात. विल्यम्सने मोजला तो रोगाचा परिणाम. रोगाचे कारण मोजले असे मात्र त्याला वाटले. चरबी जळताना होणारी ही जी कीटोनद्रव्ये, त्यांची मूत्रातील तपासणी पुढे कितीतरी वर्षे या विकाराच्या तीव्रतेचे माप म्हणून वापरली गेली. कीटोन नाहीत म्हणून स्त्रीला इस्पितळातून परत पाठविण्यात येई. २०१४ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा मूत्रातील कीटोनांचा या विकाराशी किंवा त्याच्या तीव्रतेशी भरवशाचा संबंध दिसत नाही, असे आढळले. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या शाही संस्थेने २०२४ साली आपल्या मार्गदर्शिकेत, या तपासणीवरून तीव्रता ठरवू नये, असे स्पष्टच लिहिले. एका खुणेला खाली उतरवायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

गंमत अशी की, कारण सापडले नसतानाही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विकाराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. ते दोन साध्या गोष्टींमुळे. पहिली, शिरेतून दिले जाणारे मीठपाणी. एडिंबरोजवळच्या लीथ येथील डॉक्टर टॉमस लाट्टा याने १८३२ च्या पटकीच्या साथीत रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडून पाहिले होते. परंतु निर्जंतुक आणि ज्वर न आणणारे पाणी तयार करण्याची विद्या येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्यानंतर मात्र आपण ज्याला सलाईन म्हणतो, ती बाटली घरोघरच्या बोलण्यात आली. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ब-एक’ जीवनसत्त्व. सतत ओकणाऱ्या माणसाच्या शरीरातला या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो. मग डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, भ्रम होतो. १८८१ साली कार्ल व्हेर्निके याने वर्णन केलेला मेंदूचा विकार तो हाच. हे जीवनसत्त्व १९३६ साली प्रयोगशाळेत बनविणारा रॉबर्ट विल्यम्स हा अमेरिकन रसायनज्ञ जन्मला होता आपल्या देशात, नेल्लोर येथे, एका मिशनरी कुटुंबात. ब्रिटनमधील आकडे बोलके आहेत. १९३१ ते १९४० या दशकात तेथे दर दहा लाख प्रसूतींमागे १५९ स्त्रिया या विकाराने मरत. १९५१ ते १९६० या दशकात ही संख्या ३ वर आली. मात्र येथेही एक सावधगिरी हवी. उपाशी शरीराला प्रथम हे जीवनसत्त्व न देता केवळ साखरपाणी शिरेतून दिले, तर उरलासुरला साठा संपून मेंदूवरचे संकट ओढवू शकते. हा धडा आजही प्रत्येक प्रसूतिकक्षात ध्यानी ठेवावा लागतो.

मृत्यू कमी झाले तसे या विकाराकडे जगाचे लक्षही कमी झाले. वाचली ना, मग झाले तर! परंतु वाचलेल्या स्त्रीच्या यातना कमी झाल्या नव्हत्या. त्यांवर औषध शोधण्याच्या घाईत एक भयंकर अपघात घडला. १९५७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. निर्धोक म्हणून त्याची ख्याती करण्यात आली आणि ते गर्भवतींच्या मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेतले जाईपर्यंत निरनिराळ्या देशांत दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मली होती. या आघाताने गर्भवतीला कोणतेच औषध देऊ नये, अशी भीती डॉक्टरांच्या व कुटुंबांच्या मनात घर करून बसली. भीती समजण्यासारखी होती, पण तिने निर्दोष औषधेही भरडली. अमेरिकेत १९५६ पासून वापरात असलेले बेंडेक्टिन हे मळमळीवरचे औषध असंख्य दाव्यांमुळे उत्पादकांनी १९८३ साली स्वतःहून बंद केले. पुढच्या अभ्यासांतून त्याने व्यंगे होतात असे सिद्ध झाले नाही, आणि त्याच दोन द्रव्यांच्या मिश्रणाला अमेरिकन शासनाने २०१३ साली पुन्हा मान्यता दिली. मधल्या तीस वर्षांतल्या गर्भवतींनी जे सोसले, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही दाव्यात मांडला गेला नाही.

आता पुन्हा रक्ताकडे वळू. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिन येथे सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक या दोघांनी दाखविले की, गर्भवतीच्या मूत्रात एक प्रभावी संप्रेरक असते आणि उंदराच्या मादी पिलावर त्याचा परिणाम पाहून गर्भधारणा ओळखता येते. हे दोघेही ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना आपल्या पदांवरून जावे लागले, हे त्या शोधाच्या इतिहासातले एक विषण्ण पान आहे. हे संप्रेरक वारेत तयार होते. त्याचे रक्तातील प्रमाण आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत चढत जाते आणि मग उतरते. मळमळीचा चढउतारही जवळजवळ असाच. जुळ्यांच्या गर्भारपणात आणि द्राक्षगर्भात ते अधिक असते, आणि वांतीही अधिक असते. इतकी जुळणी पाहून हाच गुन्हेगार, असे कित्येक दशके मानले गेले. परंतु प्रत्यक्ष मोजणी करता, काही अभ्यासांत अतिवमनाच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण जास्त दिसले, काहींत दिसले नाही. शिवाय या संप्रेरकाची घडण अंशतः अवटु ग्रंथीला चेतविणाऱ्या संप्रेरकासारखी असल्याने ते त्या ग्रंथीला तात्पुरते उत्तेजित करते, आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टर थायरॉईडच्या रोगाचा निष्कर्ष काढू शकतात. म्हणजे एक खूण दुसऱ्या रोगाचा खोटा मुखवटा घालून पुढे येऊ शकते.

खरा धागा सापडला तो घराण्यांच्या नोंदींत. नॉर्वेमध्ये १९६७ पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. या रजिस्टरांच्या आधारे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, ज्यांच्या आईला हा विकार झाला होता, त्या मुलींपैकी सुमारे ३ टक्क्यांना तो झाला. इतरांमध्ये हे प्रमाण १.१ टक्के होते. आणि आईला हा विकार झालेल्या मुलांच्या पत्नींमध्ये मात्र धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे वारसा होता तो आईकडून मुलीकडे जाणारा. ज्या व्याधीला मनाचा खेळ म्हणून हिणवले गेले, ती पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरत होती, हे कारकुनांनी चाळीस वर्षे इमानाने भरलेल्या रकान्यांनी सांगितले. दप्तराची अशी थोरवी क्वचितच पाहावयास मिळते.

याच सुमारास अमेरिकेत मार्लिना फेझो ही आनुवंशिकशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागली होती. १९९९ साली तिला स्वतःला हा विकार झाला होता, डॉक्टरांनी तिचे म्हणणे गांभीर्याने घेतले नव्हते, आणि तिने आपला गर्भ गमावला होता. तिने प्रथम रुग्ण स्त्रियांनाच विचारण्यास आरंभ केला. तुम्हांला काय झाले, तुमच्या बहिणीला काय झाले? मग एका खासगी जनुकतपासणी कंपनीच्या प्रश्नावलीत या विकाराबद्दलचे प्रश्न तिने घालावयास लावले. १३०६ रुग्ण स्त्रिया आणि १५,७५६ निरोगी स्त्रिया यांची तुलना करून २०१८ साली तिने व तिच्या सहकाऱ्यांनी जे जाहीर केले, त्यात सर्वांत ठळकपणे एक जनुक पुढे आले. त्याचे नाव जीडीएफ-पंधरा.

हे नाव वैद्यकाला अगदी नवे नव्हते. १९९७ साली सिडनी येथील संशोधकांनी हे प्रथिन दुसऱ्याच संदर्भात शोधले होते. गर्भवतीच्या रक्तात ते विपुल असते हे २००० साली कळले होते. आणि कर्करोगाच्या रुग्णांची भूक व वजन ते घटविते हे २००७ साली दिसले होते. शरीरातील पेशी ताणाखाली सापडल्या की हे प्रथिन रक्तात सोडतात. त्याला ओळखणारे कुलूप, म्हणजे ग्राही, मेंदूच्या मागील खालच्या भागात, जेथे वांतीचे नियंत्रण होते तेथेच आहे, हे २०१७ साली चार निरनिराळ्या गटांनी दाखविले. सुटे मणी पडले होते, त्यांत आता दोरा ओवला गेला.

तरी एक कोडे उरलेच होते. गर्भवतींच्या रक्तात हे प्रथिन सर्वांच्याच वाढते. मग काहींनाच जीवघेणी वांती का? याचे उत्तर फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओराहिली यांच्या गटांनी डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. गर्भारपणात आईच्या रक्तात वाढणारे हे प्रथिन मुख्यतः गर्भाकडून, वारेतून येते. परंतु आईला किती त्रास होईल हे तिला त्याची पूर्वीपासून किती सवय आहे यावर अवलंबून असते. जिच्या रक्तात ते आधीपासून कमी असते, तिच्या मेंदूला हा अचानक आलेला लोंढा असह्य होतो. ज्या जनुकभेदामुळे रक्तातील पातळी खाली राहते, तो भेद असणाऱ्या स्त्रियांना धोका अधिक, हे यामुळेच. याची उलट बाजूही तपासली गेली. थॅलसेमिया या रक्तविकारात हे प्रथिन जन्मभर फार वाढलेले असते. श्रीलंकेतील अशा स्त्रियांना त्यांच्या गर्भारपणाविषयी विचारले, तेव्हा मळमळ व वांती फारच थोड्या जणींना झाल्याचे आढळले. तिखटाची सवय असलेल्याला झणझणीत रस्सा सोसतो आणि नसलेल्याच्या डोळ्यांतून पाणी येते, तशातलाच हा प्रकार. चरक-सुश्रुतांच्या दौहृदाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण गर्भाकडून आलेला संदेश आईच्या देहातून बोलतो, हे दोन्हीकडे सारखे आहे. पण आपल्या पूर्वजांना हा शोध आधीच लागला होता, असे म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. त्यांचे ते कवित्वपूर्ण निरीक्षण होते. हे मोजमापाने सिद्ध केलेले ज्ञान आहे.

आता प्रश्न असा की, ही खूण सापडली म्हणजे रक्ततपासणी करून रोग ठरविता येईल काय? तर नाही. रुग्ण स्त्रियांच्या आणि निरोगी गर्भवतींच्या पातळ्या एकमेकींत पुष्कळ मिसळतात. एका स्त्रीच्या रक्तातील आकडा पाहून तिला विकार आहे की नाही हे सांगता येत नाही. या प्रथिनाला अडविणारी प्रतिद्रव्ये तयार झाली आहेत आणि कर्करोगाने खंगलेल्या रुग्णांवरील त्यांच्या एका चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. परंतु गर्भवतीच्या बाबतीत थॅलिडोमाइडचा धडा विसरता येत नाही, म्हणून तेथे पावले जपूनच पडणार. २०२१ साली डॉक्टर, संशोधक आणि रुग्ण स्त्रिया यांनी एकत्र बसून या विकाराची जी व्याख्या ठरविली, तिच्यात रक्ताचा एकही आकडा नाही. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू होणारी मळमळ व वांती, त्यांतली एक तरी तीव्र; नेहमीसारखे खातापिता न येणे; आणि दैनंदिन जीवन ठप्प होणे, एवढ्यावर ती उभी आहे. म्हणजे फिरून आपण तेथेच आलो, जेथून प्रारंभ व्हावयास हवा होता: ती स्त्री काय सांगते आहे?

मग इतक्या वर्षांच्या शोधाचे फलित काय? माझ्या मते ते फार मोठे आहे. रक्ताने जी साक्ष दिली ती एका रुग्णापुरती नसून साऱ्यांच्या वतीने दिलेली आहे. हा विकार देहाचा आहे, त्याला कारण आहे, ते वारेत आणि मेंदूत आहे. इच्छाशक्तीच्या अभावात, लाडावलेपणात किंवा मूल नको असण्यात नाही. शार्लटच्या दाखल्यावरील रकाना आपल्याला आज बदलता येणार नाही. परंतु आपल्या घरातली एखादी सून, लेक किंवा बहीण अंथरुणावर पडून, पाणीसुद्धा राहत नाही असे सांगत असेल, तेव्हा ‘एवढे तर सगळ्यांनाच होते’ हे वाक्य तरी आपण मागे घेऊ शकतो. दिवसभरात पाणी ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, उभे राहता भोवळ येत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर तिला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. आज त्यावर सलाईन आहे, जीवनसत्त्व आहे, वर्षानुवर्षे पारखलेली औषधे आहेत.

डोहाळजेवणाला आपण गर्भिणीला फुलांची वाडी भरतो, झोपाळ्यावर बसवितो, तिला काय हवे ते आवर्जून विचारतो. हा फार सुंदर संस्कार आहे. पण तो सातव्या महिन्याच्या आसपास होतो, आणि तोवर या त्रासाचे दिवस बहुधा सरलेले असतात. तोच प्रश्न, तितक्याच आस्थेने, दुसऱ्या महिन्यात विचारला गेला पाहिजे. आणि ती जे उत्तर देईल, त्यावर रक्ताच्या साक्षीची वाट न पाहता विश्वास ठेवला पाहिजे.